लाकूड गावचे, नियम आपला

'मंगल' शब्द कानी पडला की भारतातून आलेल्या आपल्या पिढीला मेंदी, हळद आणि लग्नघर आठवते. इस्राएलात जन्मलेल्या नातवंडांना मात्र योम हाआत्झमाउतची दुपार, कोळशाची शेगडी आणि सळईवरचे मांस आठवते. नातवंडांचा 'मंगल' अरबी-तुर्की वाटेने आलेला. आपल्या मंगलाशी त्याचे नाते नाही. तरी आमच्या परसात विस्तव पेटतो आणि घरची माणसे भोवती जमतात, तेव्हा दोन्ही अर्थ एकच वाटतात.

हे परस पापाकुरात आहे. न्यूझीलंडमधील ऑकलंड शहराच्या दक्षिणेचा हा भाग. माओरी भाषेत 'पापा' म्हणजे जमीन आणि 'कुरा' म्हणजे तांबडी. कोकणच्या तांबड्या मातीतून निघालेल्या घराण्याला तांबड्या मातीच्या नावाचेच गाव मिळाले! माती ओळखीची वाटली, पण झाडे सगळी अनोळखी. पहिल्याच वर्षी प्रश्न पडला : उघड्यावर मांस भाजायचे, तर लाकूड कोणते घ्यावे?

वाचकहो, हा प्रश्न आपल्या लोकांना नवा नाही. पेसाहचा कोकरा विस्तवावर भाजलेला असावा, पाण्यात शिजवलेला नसावा, अशी तोराची आज्ञा आहे. म्हणून मिश्नाने त्याच्यासाठी डाळिंबाच्या लाकडाची सळई ठरवून दिली. दुसऱ्या झाडांची फांदी तापली की तिच्यातून पाणी सुटते; ते मांसाला लागले तर भाजणे राहिले बाजूला, शिजवणे झाले. लोखंडाची सळईही चालत नसे, कारण ती स्वतःच तापून मांस आतून शिजवते.

बेथ हामिकदाशच्या वेदीवर बहुतेक सर्व लाकडे चालत. ऑलिव्ह आणि द्राक्षवेल मात्र वर्ज्य. कोणी म्हणाले त्यांना गाठी फार, कोणी म्हणाले ही झाडे जाळली तर देश ओसाड होईल. अंजीर, अक्रोड यांच्या फांद्या पसंतीच्या. कीड लागलेले लाकूड निवडून बाजूला काढीत. आणि आव महिन्याच्या 15 तारखेनंतर वेदीसाठी लाकूडतोड थांबवीत, कारण त्यानंतर उन्हाचा जोर ओसरतो आणि लाकूड नीट वाळत नाही. वाळलेले, निरोगी, कमी गाठींचे आणि ज्याच्या तोडीने देशाचे नुकसान होत नाही असे लाकूड : चांगल्या जळणाची एवढी व्याख्या आजही पुरे आहे.

आपले पूर्वज नवगावच्या किनाऱ्याला लागले, असे आपण परंपरेने सांगत आलो. तेथे ना अंजिराचे जळण होते, ना अक्रोडाचे. त्यांनी गावच्या लोकांचे पाहून चूल पेटवली. अलिबागकडच्या घरांत सुरूच्या काटक्या, नारळाच्या झावळ्या, सोडणे आणि करवंट्या जळत. निखारा टिकवायचा तर बाभळीसारखे जड लाकूड. हिवाळ्यात शेतावर पोपटी लागे, ती आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल : मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी, पाण्याचा थेंब नाही, मडके पालथे घालून भोवती पेंढा आणि झावळ्यांचा जाळ. जळण गावचे, रीतही गावची. पण शुक्रवारी सूर्य मावळला की नवा विस्तव पेटायचा नाही, हा नियम आपला. घाणा चालवणाऱ्या आपल्या लोकांना 'शनिवार तेली' हे नाव त्याच नियमाने मिळाले.

कलेजीचा नियमही तसाच. तिच्यात रक्त इतके की इतर मांसासारखे मीठ लावून भागत नाही. चिरा द्यायच्या, धुवायची, थोडे मीठ लावायचे आणि उघड्या विस्तवावर भाजायची, म्हणजे रक्त गळून जाते. आमची आजी त्यासाठी वेगळी जाळी ठेवीत असे. करवंट्यांचे निखारे, त्यावर कलेजी आणि भोवती घोटाळणारी आम्ही मुले, हे चित्र पुष्कळ वाचकांच्याही मनात असेल.

पापाकुरात आम्ही प्रथम एका बांधकामावरचे पाइनचे तुकडे आणले होते. काडी ओढणार तोच शेजारचे वृद्ध माओरी गृहस्थ, ज्यांना आमची मुले 'कोरो' म्हणजे आजोबा म्हणतात, कुंपणापलीकडून हात हलवीत आले. येथे बांधकामाच्या पाइनला कीड लागू नये म्हणून तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचे मिश्रण पाजतात. ते जाळले तर धूर विषारी आणि राखही विषारी. साधे पाइनही राळेमुळे काजळी धरते.

मग कोरोंनी आम्हाला मानुका दाखवली. बारीक पानांचे, पांढऱ्या फुलांचे हे झुडूप. तिचा मध आता जगभर विकला जातो. कॅप्टन कुकच्या खलाशांनी तिच्या पाल्याचा चहा केला, म्हणून इंग्रजांनी तिला 'टी ट्री' म्हटले. लाकूड घट्ट, निखारा प्रखर आणि टिकाऊ, धूर सुगंधी. तिची बहीण कानुकाही तशीच. माओरी लोक हांगी लावतात तेव्हा असल्याच लाकडावर दगड तापवतात. मग खड्ड्यातल्या त्या दगडांवर मांस, बटाटे, कुमारा म्हणजे रताळी यांच्या टोपल्या ठेवून वर ओली फडकी आणि माती घालतात. काही तासांनी उकरतात. आम्हाला एकदम पोपटी आठवली.

त्या हांगीत डुकराचे मांसही होते, म्हणून आम्ही जेवलो नाही. कोरोंना कारण सांगितले. त्यांना राग आला नाही. लाकडाची ओळख मात्र आम्ही घरी आणली. बेतलेली मानुका उन्हाळ्यात फोडून, रचून, वरून झाकून बाजूंनी वारा लागेल अशी ठेवतो. येथे ऋतू उलटे : आव महिना ऐन हिवाळ्यात येतो, म्हणून आमचे लाकूड तेवेत-शेवातच्या उन्हात वाळते. दोन तुकडे एकमेकांवर आपटले की टणक आवाज आला पाहिजे. बद्द आवाज आला तर लाकूड ओले.

कोशेर मांस हीच येथे खरी अडचण. 2010 साली सरकारने जनावर भूल दिल्याशिवाय कापण्यास मनाई केली. ज्यू समाज न्यायालयात गेला आणि त्याच वर्षी कोंबडीच्या शेहितेला पुन्हा मोकळीक मिळाली. गोमांस ऑस्ट्रेलियाहून येते. म्हणून आमच्या जाळीवर बहुधा कोंबडीचीच कलेजी असते.

गेल्या लाग बाओमेरला नातवाने विचारले, "गॅसची शेगडी असताना एवढा खटाटोप कशाला?" आम्ही त्याच्या हाती चिमटा दिला आणि रक्ताचा थेंब निखाऱ्यावर पडून चर्र करतो ते दाखवले. नियम त्याला तेवढ्याने कळला. जाळी आता तोच घासून वेगळी ठेवतो.