यंत्रसामग्रीची निवड आणि चित्रपटातील अग्रमानाचा प्रश्न

भारतातील पहिला कथापट कोणता, या प्रश्नाची चर्चा आपल्याकडे बहुधा प्रदर्शनाच्या तारखांवरून होते. दादासाहेब तोरणे यांचा ‘पुंडलिक’ मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात १८ मे १९१२ रोजी दाखविला गेला. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ त्याच चित्रगृहात ३ मे १९१३ पासून सुरू झाला. तारखाच निर्णायक मानल्या तर वाद येथेच मिटावयास हवा. तो मिटत नाही, कारण ‘पहिला’ या एका शब्दाने आपण दोन भिन्न प्रश्न विचारीत असतो : पडद्यावर प्रथम कोण आले, आणि चित्रपट घडविण्याची विद्या येथे प्रथम कोणी रुजविली? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधावयाचे, तर या मंडळींनी कोणती यंत्रे निवडली हे पाहणे अगत्याचे आहे.

हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा हे मुंबईतील व्यवसायी छायाचित्रकार. त्यांनी इंग्लंडमधील रायली बंधूंकडून चलच्चित्रांचा कॅमेरा मागविला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमधील कुस्तीचे चित्रण केले. परंतु फीत धुण्यासाठी ती लंडनला पाठवावी लागली. यंत्र हाती होते; प्रक्रिया हाती नव्हती. चित्रणात दोष राहिला, तर तो कळेपर्यंत कित्येक आठवडे लोटावयाचे आणि प्रसंग तर केव्हाच होऊन गेलेला असावयाचा. चुकीतून शिकण्याची वाटच अशा व्यवस्थेत अरुंद होते.

‘पुंडलिक’ची स्थिती याहून फारशी वेगळी नव्हती. ते रंगभूमीवरील नाटकाचेच चित्रण होते, कॅमेऱ्यामागे इंग्रज छायालेखक होता आणि फितीवरील पुढील संस्कार लंडनमध्ये झाले. यामुळे तोरण्यांच्या धडपडीचे मोल उणे होत नाही. कथा पडद्यावर आणण्याची कल्पना त्यांची होती. ती मूर्त करण्याची साधने मात्र परक्याच्या हाती होती.

फाळके १९१२ च्या फेब्रुवारीत लंडनला गेले, ते विमापत्र गहाण ठेवून उभ्या केलेल्या पैशावर. तेथे त्यांनी विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला, हे सर्वश्रुत आहे. त्याबरोबर त्यांनी फितीला छिद्रे पाडण्याचे यंत्र आणि फीत धुण्याची व छापण्याची सामग्रीही घेतली, याकडे मात्र पुरेसे लक्ष दिले जात नाही. कच्ची फीत त्या काळी छिद्रांवाचून येत असे. दातेरी चक्रावर ती नेमकी सरकावी म्हणून कडेला समान अंतरावर छिद्रे पाडणे आवश्यक होते, आणि हे काम अंधारातच करावे लागे. सरस्वतीबाई फाळके हे काम शिकल्या. म्हणजे फाळक्यांनी एक यंत्र नव्हे, तर कच्च्या फितीपासून प्रदर्शनयोग्य प्रतीपर्यंतची संपूर्ण साखळी विकत आणली व ती घरात चालविली. ही निवड त्यांना सुचली, याचे कारण त्यांच्या पूर्वायुष्यात आहे. छायाचित्रण आणि मुद्रण हे दोन्ही व्यवसाय केलेल्या माणसाला प्रतिमा टिपणे आणि प्रत सिद्ध करणे यांतील अंतर ठाऊक असते.

यावर असा आक्षेप घेता येईल की, फाळक्यांचा कॅमेरा परदेशी होता आणि कच्ची फीतही परदेशीच. आक्षेप रास्त आहे. त्याचे अंशतः उत्तर कोल्हापुराने दिले. आनंदराव व बाबूराव पेंटर यांनी स्वतःच कॅमेरा बनविण्याचा उद्योग आरंभिला. १९१६ मध्ये आनंदराव निवर्तले. पुढे बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने तो सिद्धीस नेला. १९२० च्या ‘सैरंध्री’मागे हाच खटाटोप होता. पुढे बोलपट आला, तेव्हा प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) या चित्रपटाच्या ध्वनिलेखनाची जबाबदारी याच दामल्यांकडे आली. कॅमेरा घडविताना कमावलेली यंत्रदृष्टी नव्या ध्वनियंत्रापुढे अडली नाही. तरीही कच्च्या फितीसाठी परदेशाकडे पाहणे या मंडळींनाही चुकले नाही.

तात्पर्य, अग्रमान एकालाच देण्याचा आग्रह सोडला पाहिजे. सावेदादांनी यंत्र आणले, तोरण्यांनी कथा आणली, फाळक्यांनी प्रक्रिया आणली आणि पेंटरांनी यंत्रच घडविले. तारखांचा वाद या चारही कर्तृत्वांना एकाच मापाने मोजू पाहतो. आणि त्यात सर्वांत जास्त अन्याय होतो तो अंधाऱ्या खोलीत बसून फितीला छिद्रे पाडणाऱ्या हातांवर.