वास, रक्त आणि श्वास

सांताक्रूझ स्टेशनाच्या पूर्वेस असलेले कालिना आज बहुतेकांना विद्यापीठामुळे ठाऊक असते. त्याच परिसरात राज्य सरकारची न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे. लाखेने बंद केलेल्या रक्ताच्या लहान लहान बाटल्या तेथे तपासणीसाठी येतात. बाटलीतले रक्त अंधेरीच्या टॅक्सीवाल्याचे आहे की मुलुंडच्या एखाद्या साहेबाचे, याच्याशी रसायनाला काही कर्तव्य नसते. त्यात मद्यार्क किती, एवढेच ते सांगते.

सरकारी नोकरांची नशेसाठी सक्तीने तपासणी करावी काय, हा प्रश्न पुष्कळांना अगदी आजचा वाटतो. परंतु मुंबईला तो सत्तर वर्षांपूर्वीच पडला होता, आणि ज्याच्यामुळे पडला तो गृहस्थ सरकारी अंमलदारच होता. ही हकीकत दारूबंदीच्या दिवसांतली आहे.

मुंबई शहर आणि उपनगरे यांत दारूबंदी पहिल्यांदा आली ती १ ऑगस्ट १९३९ रोजी. बाळासाहेब खेर मुख्यमंत्री होते आणि हे खाते डॉ. गिल्डर यांच्याकडे होते. पुढे काही महिन्यांतच मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि तो प्रयोग अर्ध्यावर राहिला. स्वातंत्र्यानंतर मोरारजी देसाई गृहमंत्री असताना १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि १९५० साली सारे राज्य कोरडे ठरले. कोरडे म्हणजे कागदावर! खाडीकाठच्या झुडपांत हातभट्ट्या पेटू लागल्या आणि काळा गूळ व नवसागर यांना कधी नव्हे तो भाव आला. कायदा करणे सोपे. अमक्याने दारू घेतली हे सिद्ध कसे करावयाचे, ही खरी अडचण. तेव्हा साधन एकच होते, आणि ते म्हणजे नाक. पोलिसाने वास घ्यावा, डॉक्टरने डोळ्यांच्या बाहुल्या पाहाव्यात आणि सरळ रेषेवर चालावयास लावावे.

२९ मे १९५१ च्या रात्री कुलाब्याच्या बाजूला एका जीपने तिघांना धक्का दिला. जीप चालविणारे बेहराम खुर्शीद पेसिकाका हे मुंबई विभागाचे प्रभारी प्रादेशिक परिवहन अधिकारी होते. मोटारी चालविण्याचे परवाने देणाऱ्या खात्याचाच हा अंमलदार. डॉक्टरने तपासले, तेव्हा तोंडाला मद्याचा वास होता आणि डोळे लालसर होते; पण बोलणे सुसंगत होते आणि सरळ रेषेवर त्यांना चालताही येत होते. त्यांचे म्हणणे असे की, आपण दारू घेतली नसून बी. जी. फॉस नावाचे टॉनिक घेतले आहे. या टॉनिकात सतरा टक्के मद्यार्क असे.

योगायोग असा की, अवघ्या चारच दिवसांपूर्वी, २५ मे रोजी, सर्वोच्च न्यायालयाने बलसारा खटल्यात निकाल दिला होता. दारूबंदीचा कायदा बहुतांशी कायम ठेवूनही, मद्यार्कयुक्त औषधांवरील बंदी न्यायालयाने रद्द ठरविली होती. तेव्हा आता मुद्दा असा उरला, की तोंडाचा वास दारूचा की औषधाचा, हे सिद्ध कोणी करावयाचे? दारूबंदीच्या कलमाखाली खालच्या न्यायालयाने आरोपीला सोडले. उच्च न्यायालयाने एक महिना सक्तमजुरी आणि पाचशे रुपये दंड केला. सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली ती शिक्षा रद्द केली. पिणाऱ्याने मनाई असलेलीच दारू घेतली, हे सरकारने सिद्ध केले पाहिजे. मी औषधच घेतले हे सिद्ध करण्याचे ओझे आरोपीवर नाही, असा त्या निकालाचा आशय होता.

नाकाची साक्ष अशी पडल्यावर सरकार रक्ताकडे वळले. १९५९ च्या दुरुस्तीने ठरले, की रक्तात ०.०५ टक्के, म्हणजे शंभर घन सेंटिमीटरमध्ये पन्नास मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक मद्यार्क सापडल्यास, ते औषधातून आले हे आरोपीनेच दाखवावे. संशयिताला डॉक्टरपुढे नेण्याचा आणि त्याने विरोध केल्यास आवश्यक तेवढा जोर वापरण्याचाही अधिकार मिळाला. ओझे या खांद्यावरून त्या खांद्यावर गेले.

मात्र त्याच वर्षी झालेले रक्ततपासणीचे नियम पाहिले, म्हणजे ते करणाऱ्याच्या न्यायबुद्धीचे कौतुक वाटते. दंडाची कातडी स्पिरिटने पुसावयाची नाही, निर्जंतुक पाण्यानेच पुसावयाची. सिरिंज उकळत्या पाण्यात शुद्ध करावयाची. रक्त नासू व गोठू नये अशी द्रव्ये बाटलीत घालावयाची आणि ती लाखेने बंद करावयाची. पाहणाऱ्याला ही कारकुनी वाटेल. पण स्पिरिटचा एक बोळा निरपराध माणसाला गुन्हेगार ठरवू शकतो, हे जाणून केलेली ही कारकुनी आहे. १९६३ साली सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या उखा कोल्हे खटल्यातही कळीचा मुद्दा होता तो हाच, की रक्त काढल्यापासून तपासणीपर्यंत बाटली होती कोणाच्या ताब्यात?

आता अलीकडे येऊ. जुलै २०१८ मध्ये पंजाबचे मुख्यमंत्री अमरिंदर सिंग यांनी पोलिसांसह साऱ्या सरकारी नोकरांची अमली पदार्थांसाठी सक्तीची तपासणी करण्याचा हुकूम काढला. नोकरांच्या संघटना म्हणाल्या, आधी मंत्र्यांची करा! मग पुढाऱ्यांतही नमुने देण्याची अहमहमिका लागली. अमेरिकेत हीच वाट १९८६ मध्ये अध्यक्ष रेगन यांच्या हुकुमाने सुरू झाली होती. तेथील न्यायालयाने १९८९ साली आगगाड्यांवरील नोकरांची आणि शस्त्रधारी जकात अधिकाऱ्यांची तपासणी मान्य केली; पण १९९७ मध्ये निवडणुकीच्या उमेदवारांवर जॉर्जिया राज्याने लादलेली तपासणी अमान्य केली. ज्याच्या हातून तत्काळ जीव जाऊ शकतो त्याची तपासणी वेगळी, आणि केवळ दाखविण्यासाठी केलेली वेगळी, हा भेद त्यामागे आहे.

आपल्या उपनगरांत हा भेद रोज पाळला जातो. कालिन्याच्या शेजारीच, अंधेरी आणि सांताक्रूझ यांच्यामधल्या विमानतळावर दर दिवशी शेकडो विमाने चढतात-उतरतात. त्यांना वाट दाखविणारे नियंत्रक विमानतळ प्राधिकरणाचे, म्हणजे केंद्र सरकारच्याच संस्थेचे नोकर. ३१ जानेवारी २०२२ पासून वैमानिक व हवाई नियंत्रक यांच्यापैकी दरसाल निदान दहा टक्क्यांची अमली पदार्थांसाठी अचानक तपासणी होते. गांजा, कोकेन, अफूवर्गीय पदार्थ आणि झोपेची औषधेही तीत पाहिली जातात. आणि येथे बी. जी. फॉसचे भूत पुन्हा उभे राहते. खोकल्याच्या औषधातले कोडीन अफूच्याच कुळातले! म्हणून पहिली तपासणी प्रतिकूल आली तरी तो निकाल अखेरचा नसतो. तो माणूस कामावरून बाजूला होतो आणि नमुन्याची अधिक काटेकोर तपासणी होते. लोकलचा मोटरमनही गाडी हाती घेण्यापूर्वी नळीत श्वास सोडतो, आणि त्यात त्याला कमीपणा वाटत नाही, कारण मागच्या डब्यांत शेकडो माणसे आहेत.

बोरिवलीच्या कचेरीत दाखले लिहिणाऱ्या कारकुनाचे काय? त्याने कामावर नशेत असू नये, हे महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम १९७९ पासून सांगतच आहेत. संशयाला कारण असेल तर चौकशी जरूर व्हावी. परंतु कारण नसता सर्वांच्याच हाती बाटली देणे, म्हणजे प्रामाणिक माणसाला दरसाल आपली प्रामाणिकता सिद्ध करावयास लावणे होय. १९५४ च्या निकालात ज्या ओझ्याचा प्रश्न होता, ते हेच.

वासाचे रक्त झाले, रक्ताचा श्वास झाला, साधने बदलली. तपासणीची योग्यता मात्र साधनावर ठरत नाही. तपासणी मागण्यास कारण आहे काय, आणि ‘हे औषध होते’ म्हणणाऱ्याला ते दाखविण्याची वाट मोकळी आहे काय, या दोन प्रश्नांवर ती ठरते. दंडाला स्पिरिट लावू नका, असे १९५९ मध्ये लिहिणाऱ्या अनामिक कारकुनाला हे पुरते उमगले होते.