एअर इंडियाची इमारत

उस्मानपुऱ्यात आमच्या लहानपणी उंच घर म्हणजे तीन मजल्यांचं. त्यामुळे बाबांनी पहिल्यांदा मुंबई दाखवली तेव्हा नरिमन पॉइंटला एअर इंडियाच्या इमारतीचे २३ मजले मी बोटाने मोजले होते... दोनदा! आत काही जाता आलं नाही.

समुद्रात भराव टाकून केलेल्या जमिनीवर ती १९७४ साली उभी राहिली. आराखडा अमेरिकेच्या जॉन बर्गी यांचा. १२ मार्च १९९३ ला तळघरात बॉम्ब फुटला, माणसं गेली, इमारत टिकली. २०१३ मध्ये कंपनीचं मुख्यालय दिल्लीला गेलं. २०२२ मध्ये एअर इंडिया टाटांकडे परतली, पण इमारत सरकारी कंपनीकडेच राहिली. मार्च २०२४ मध्ये ती १६०१ कोटींना राज्य सरकारला द्यायला केंद्राने मंजुरी दिली. २०१२ च्या आगीनंतर मंत्रालयाला जागा हवीच होती म्हणा.

आमच्या गावात दरवाजे नि लेणी म्हणजे वारसा. पन्नाशीतल्या काँक्रीटला तसं म्हणायला जीभ रेटत नाही. पण ती पाडायची नाही, वापरायची ठरलं, याचं मला बरं वाटलं.

बाबांना फोनवर सांगितलं. म्हणाले, "म्हणजे आता पास काढून वर जाता येईल!"