प्रबलित बहुवारिक संमिश्रे : बल व झीज
प्रबलित बहुवारिक संमिश्रे : बहुवारिकाच्या (लहान रेणू एकमेकांना जोडले जाऊन बनलेल्या प्रचंड रेणूंच्या पदार्थाच्या) राशीत काच, कार्बन, ॲरामिड यांसारखे बळकट तंतू बसवून तयार केलेल्या पदार्थांना ही संज्ञा लावतात. यांतील तंतू मुख्यतः भार वाहतात. बहुवारिक त्यांना जागच्या जागी धरून ठेवते व एका तंतूवरील भार दुसऱ्याकडे पोहोचविते. मातीत भुसा कालवून विटा पाडण्याच्या प्राचीन रीतीमागेही हेच तत्त्व आहे.

इतिहास : एल. एच. बेकलंड यांनी १९०७ मध्ये फिनॉल व फॉर्माल्डिहाइड यांपासून बेकेलाइट हे पहिले पूर्णतः संश्लेषित प्लॅस्टिक तयार केले. ते कठीण पण ठिसूळ असल्यामुळे त्यात लाकडाचा भुगा, कागद वा कापड घालणे आवश्यक ठरले. १९१३ च्या सुमारास अमेरिकेत अशा रेझिनाने भिजविलेले थर दाबून विद्युत् निरोधक तक्ते तयार होऊ लागले. ते अभ्रकाची जागा घेणारे असल्याने त्यांपैकी एकास ‘फॉर्मायका’ हे नाव पडले. पुढे कापडाच्या थरांपासून दंतचक्रे व धारवे (बेअरिंगे) करण्यात आली. ही दंतचक्रे धातूच्या चक्रांपेक्षा कमी आवाज करीत, तर पोलाद लाटण्याच्या यंत्रांतील धारव्यांना तेलाऐवजी पाण्याचे वंगण पुरे होई. म्हणजेच झीज सोसण्याचे काम या पदार्थांकडे फार लवकर आले होते.

बलाच्या बाबतीतील मूलभूत कार्य ए. ए. ग्रिफिथ यांनी इंग्लंडमधील फार्नबरो येथे केले. १९२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार साध्या काचेचे ताणबल दर चौ. मिमी.ला सुमारे १७ किग्रॅ. होते, परंतु ०·००३ मिमी. जाडीच्या तंतूत ते सु. ३४० किग्रॅ., म्हणजे वीसपट आढळले. काचेला दुबळी करणाऱ्या सूक्ष्म भेगा बारीक तंतूत कमी व लहान असतात, हे त्याचे कारण होय. १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेत काचतंतूंचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झाले. त्याच सुमारास असंतृप्त पॉलिएस्टर रेझिने उपलब्ध झाली आणि दुसऱ्या महायुद्धात विमानांतील रडारची आवरणे या जोडीपासून बनविण्यात आली. १९५३ मध्ये शेव्हरोलेट कॉर्व्हेट या मोटारगाडीचे बाह्य कवच काचतंतू-प्रबलित प्लॅस्टिकाचे होते.

काच बळकट असली, तरी तिचा ताठपणा पोलादाच्या सुमारे एक तृतीयांशच असतो. ही उणीव कार्बन तंतूंनी भरून काढली. जपानमध्ये ए. शिंदो यांनी १९६१ मध्ये पॉलिॲक्रिलोनायट्राइलापासून असे तंतू केले. फार्नबरो येथील डब्ल्यू. वॅट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०–७० च्या दशकात ही प्रक्रिया सुधारून अतिशय ताठ तंतू मिळविले. पोलादाइतका किंवा त्याहून अधिक ताठ हा तंतू घनतेने पोलादाच्या चौथाईहूनही हलका असतो.

यशाबरोबर धडाही मिळाला. रोल्स-रॉइस कंपनीने आरबी-२११ या जेट एंजिनाच्या पंख्याची पाती कार्बन तंतूंची केली; पण १९७० मधील चाचणीत पक्ष्याच्या आघाताने ती फुटली व त्यांच्या जागी टिटॅनियमाची पाती बसवावी लागली. एंजिनाच्या विकासाचा एकंदर खर्च न पेलून कंपनी फेब्रुवारी १९७१ मध्ये दिवाळखोरीत गेली. तंतूंच्या दिशेत प्रचंड बळकट असलेले संमिश्र आडव्या दिशेत फार दुबळे असते व आघाताने त्याचे थर सुटतात. अधिक चिवट रेझीन व टिटॅनियमाची पुढची कड वापरून संमिश्राची पाती १९९५ मध्ये जीई-९० एंजिनातून प्रवासी सेवेत आली.

झीज : घर्षण कमी म्हणजे झीज कमी, असे नसते. १९३८ मध्ये आर. जे. प्लंकेट यांना आढळलेल्या टेफ्लॉनाचे घर्षण अत्यल्प, पण झीज भरमसाट असते. त्यात काचतंतू, कार्बन वा कासे यांची पूड मिसळल्यास झीज शंभर ते हजार पटींनी घटू शकते. टेफ्लॉनाचा पातळ थर समोरच्या धातूवर चिकटून राहतो व पुढील घसरण टेफ्लॉनावर टेफ्लॉन अशी होते. मात्र कठीण काचतंतू समोरच्या मऊ धातूला खरवडतात. कार्बन तंतू सामान्यतः कमी खरवडतात. जे. के. लँकेस्टर यांच्या फार्नबरो येथील अभ्यासातून आणखी एक बाब पुढे आली : वाळूसारख्या कणांनी घासून होणारी झीज ताणबल व तुटण्यापूर्वीची लांबवाढ यांच्या गुणाकाराशी व्यस्त प्रमाणात असते. आखूड तंतूंमुळे बल वाढते, पण लांबवाढ घटते. त्यामुळे प्रबलनाने अशी झीज उलट वाढूही शकते.

उपयोग : २०११ मध्ये सेवेत आलेल्या बोइंग ७८७ विमानाच्या वजनात सुमारे निम्मा वाटा संमिश्रांचा आहे. भारतात जानेवारी २००१ मध्ये प्रथम उड्डाण केलेल्या तेजस विमानाच्या पंखांत कार्बन संमिश्रे वापरली आहेत. कोणत्या दिशेने भार येईल, कोणत्या पृष्ठभागावर घर्षण होईल व आघात किती असेल, हे ठरविल्यावाचून संमिश्राची निवड करता येत नाही. धातू तयार मिळतो व त्याचा भाग घडविला जातो. संमिश्राच्या बाबतीत मात्र भाग व पदार्थ बहुधा एकाच वेळी तयार होतात. [→ प्लॅस्टिके, बहुवारिके].