थंडीत गळाला कोणते आमिष?

आंबेगाव तालुक्याच्या पूर्वेकडील लोणी-धामणीचा पट्टा अवर्षणप्रवण म्हणून ओळखला जातो. येथे पाणी साठते ते प्रामुख्याने पाझर तलावांत आणि शेततळ्यांत. त्याच तालुक्याच्या पश्चिमेला, घोड नदीवर, डिंभे धरणाचा खोल जलाशय पसरलेला आहे. गळ टाकण्याचा छंद असणाऱ्यांना त्यामुळे एकाच तालुक्यात उथळ आणि खोल असे दोन्ही प्रकारचे पाणी मिळते. थंडीत या दोहोंची रीत वेगळी असते आणि कृत्रिम आमिषाची, म्हणजेच 'ल्युअर'ची निवड त्यावरच अवलंबून असते.

मासा हा शीतरक्ताचा प्राणी. पाणी गार झाले की त्याच्या शरीराचे व्यापार मंदावतात, भूक कमी होते आणि भक्ष्यामागे दूरवर धावण्याची त्याची तयारी उरत नाही. म्हणून हिवाळ्याचा साधा नियम असा : आमिष लहान, चाल संथ आणि माशाच्या तोंडापुढून जाईल इतके ते खोल. मात्र परदेशी पुस्तकांतील सल्ला जसाच्या तसा उचलू नये. तो बहुधा 'बास' या अमेरिकी माशासाठी आणि बर्फ पडणाऱ्या प्रदेशासाठी लिहिलेला असतो. बास हा आपल्या नद्यांचा मासा नव्हे आणि दख्खनमधील पाणी हिवाळ्यात गोठतही नाही. येथे मासा मंदावतो, पण खाणे सोडत नाही.

आधी मासा ओळखा

कृत्रिम आमिषावर झेपावतात ते मुख्यतः शिकारी मासे. आपल्याकडे त्यांत मरळ महत्त्वाचा. महाशीर सर्वभक्षी असला तरी चकाकत्या आमिषाला भुलतो. रोहू, मृगळ आणि कटला मात्र त्याकडे सहसा ढुंकूनही पाहत नाहीत. त्यांच्यासाठी कणकेचा गोळा, पेंड किंवा गांडूळच बरे. थंडीत हा गोळाही लहान ठेवावा. १९३९ मध्ये भारतात प्रथम आणलेला सायप्रिनस त्यांच्या तुलनेत गारवा अधिक सोसतो आणि तळाशी ठेवलेले आमिष हिवाळ्यातही उचलतो.

कोणते ल्युअर?

चमचा : धातूचा हा वक्र पत्रा पाण्यात डुलत जखमी माशासारखा चमकतो. अमेरिकेत १८५२ मध्ये त्याचे पेटंट घेतले गेले. महाशीरसाठी तो जुना आणि भरवशाचा. हिवाळ्यात नद्यांचे पाणी नितळ होत असल्याने लहान, रुपेरी चमचा आणि बारीक दोरा वापरावा. चमचा बुडू द्यावा, हळू ओढावा, मध्येच थांबावे. अनेकदा मासा झडप घालतो तो या थांब्यातच.

फिरकी : दांड्याभोवती पाते गरगरते. फार सावकाश ओढली तर पाते फिरतच नाही. म्हणून हलक्या वजनाची आणि कमी वेगातही फिरणारी फिरकी निवडावी.

माशाच्या आकाराचे ल्युअर : फिनलंडच्या लाउरी रापाला यांनी १९३६ मध्ये घडवलेल्या नमुन्यामुळे हा प्रकार पुढे जगभर गेला. पृष्ठभागावर तरंगणाऱ्यापेक्षा संथपणे बुडणारे किंवा मधल्या थरात स्थिर राहणारे ल्युअर थंडीत अधिक उपयोगी पडते.

रबरी बेडूक आणि अळी : पाणवनस्पतींवरून सरकणारा बेडूक मरळीसाठी प्रसिद्ध आहे, पण तो उबदार दिवसांचा सोबती. मरळ हवेतून श्वास घेण्यासाठी थंडीतही वर येते, तरी शिकारीसाठी तितकी चपळ नसते. अशा वेळी मऊ रबरी अळी तळालगत सावकाश सरकवणे श्रेयस्कर.

रंगाबाबत फार काथ्याकूट नको. नितळ पाण्यात रुपेरी व नैसर्गिक छटा, गढूळ पाण्यात सोनेरी किंवा गडद रंग, एवढे पुरते.

वेळ आणि जागा

पहाटेचा उत्साह हिवाळ्यात आवरावा. उथळ तळे रात्रीत लवकर निवते आणि उन्हात लवकर तापते; म्हणून उशिरा सकाळपासून दुपारपर्यंत, उन्हाच्या काठाला गळ टाकावा. खोल जलाशयात बदल सावकाश होतो. तेथे जड आमिषाने निरनिराळी खोली चाचपावी लागते.

पाणी कोणाचे?

डिंभे जलाशय अनेकांच्या उपजीविकेचा आधार आहे. धरणात जमिनी गेलेल्या आदिवासींनी तेथे मच्छीमार सहकारी संस्था उभारली. 'शाश्वत' या संस्थेची त्यांना साथ लाभली. जलाशयातील मासेमारीचे हक्क बहुधा अशा संस्थांकडे असतात. त्यामुळे ल्युअर खरेदी करण्यापूर्वी परवानगी विचारणे, मांडलेल्या जाळ्यांपासून दूर राहणे आणि शेततळ्यावर मालकाची संमती घेणे आवश्यक ठरते.

महाशीरबाबत जबाबदारी अधिक. दख्खनच्या या माशाचे शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये केले. पुढे त्याची संख्या घटल्याने लोणावळ्याजवळील वळवण येथे टाटांच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून त्याचे कृत्रिम प्रजनन करण्यात येऊ लागले. तो गळाला लागलाच, तर ओल्या हाताने धरून तत्काळ पाण्यात सोडावा. त्यासाठी तीन काट्यांच्या गळाऐवजी उलटा काटा नसलेला एकेरी गळ लावावा. ल्युअरची निवड करतानाच हा बदल केला, तर माशाला इजा कमी होते आणि तो पुन्हा नदीत तगतो.