दक्षिण आफ्रिकेतील भारतीयांचा सत्याग्रह : समूह-अस्मिता आणि प्रतिकार (१९०६-१९१४)

अल्पसंख्य समूह प्रतिकारास केव्हा सिद्ध होतो, याचे उत्तर केवळ अन्यायाच्या तीव्रतेत सापडत नाही. दक्षिण आफ्रिकेतील भारतीयांचा लढा या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

ट्रान्सवालमधील सक्तीच्या नोंदणीविरुद्ध १९०६ मध्ये 'भारतीय' या सामायिक नावाने लढा सुरू झाला. १६ ऑगस्ट १९०८ रोजी जोहान्सबर्गच्या हमिदिया मशिदीच्या आवारात हिंदू व मुसलमानांनी एकत्रितपणे नोंदणी-दाखले जाळले. पुढे बहुसंख्य व्यापारी मागे सरले. थंबी नायडू यांच्यासारखे तमिळ सत्याग्रही मात्र वारंवार तुरुंगात गेले. सामायिक अस्मिता ओसरली, तेथे निकटचा भाषिक बंध उपयोगी पडला, असे दिसते.

नाताळमधील करारमुक्त मजूर ३ पौंडांच्या वार्षिक कराखाली भरडले जात होते. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९१२ च्या दौऱ्यात त्याच्या निरसनासाठी प्रयत्न केले. १९१३ मध्ये ही मागणी सत्याग्रहात अंतर्भूत होताच न्यूकॅसलच्या कोळसा खाणींत संप झाला आणि हजारो मजूर लढ्यात उतरले. १९१४ मध्ये कर रद्द झाला.

तात्पर्य, सामायिक अस्मितेची नुसती घोषणा पुरेशी नसते. तळच्या घटकाचे दुःख तीत सामावले, तरच तो घटक लढ्यात उतरतो. बहुसंख्य आफ्रिकी जनता मात्र या अस्मितेच्या कक्षेबाहेरच राहिली, ही तिची मर्यादाही नोंदवावी लागते.