ख्रिस्तमंदिरातील सूर्य आणि सातवीची वही

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातील एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर धर्मशिक्षणाच्या वर्गातील एक मुलगा आईसह आमच्याकडे आला. आईच्या हातात त्याची विज्ञानाची वही होती. शाळेतील बाईंनी सातवीच्या मुलांना गृहपाठ दिला होता : कोल्हापूरच्या श्री अंबाबाईच्या मंदिरात किरणोत्सव वर्षातून दोनदा का होतो आणि तो ठरावीक तारखांनाच का होतो, हे आकृती काढून स्पष्ट करा, शक्य झाल्यास प्रत्यक्ष पाहून या. आईने संकोचत विचारले, "फादर, हे आमच्या पोरानं लिहिलं तर चालतंय का? आणि देवळात जाऊन बघून ये म्हणालेत, पाठवू का नको?"

आम्ही चटकन सांगून टाकले की, हा सूर्याचा प्रश्न आहे, धर्माचा नव्हे. खुशाल लिहू द्या. राहिले देवळात जाण्याचे. शेजाऱ्याचा उत्सव आदराने पाहणे वेगळे आणि उपासना करणे वेगळे, एवढे सातवीच्या मुलाला कळते. दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेने १९६५ साली इतर धर्मांविषयी जे निवेदन काढले, त्यातही त्या धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते चर्च नाकारीत नाही, असेच म्हटले आहे. आई समाधानाने घरी गेली. आमचे समाधान मात्र झाले नाही. 'सूर्याचा प्रश्न धर्माचा नव्हे' असे आम्ही ज्या खोलीत बसून म्हणालो, त्याच खोलीच्या भिंतीवर दिनदर्शिका टांगलेली होती, आणि त्या कालगणनेला एका पोपमहोदयांचे नाव आहे!

आधी मुलाचा गृहपाठ पाहू. मंदिर पश्चिमाभिमुख आहे. ९, १० व ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारी या दिवसांत मावळत्या सूर्याची किरणे महाद्वारातून सरळ गाभाऱ्यात शिरतात. पहिल्या दिवशी ती मूर्तीच्या चरणांवर पडतात, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत चढतात, तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत पोहोचतात, अशी परंपरा आहे. वाटेत आलेली बांधकामे, धूळ आणि ढग यांमुळे एखाद्या वर्षी किरणे मध्येच अडतात, ही कोल्हापूरकरांची नेहमीची हळहळ. दोनदा का, याचे उत्तर वजाबाकीने मिळते. १० नोव्हेंबर ते १ फेब्रुवारी हे अंतर ८३ दिवसांचे. त्याचा मध्य काढा. तो २१-२२ डिसेंबरला, म्हणजे वर्षातील सर्वांत लहान दिवशी येतो. मावळणारा सूर्य क्षितिजावर रोज थोडा दक्षिणेकडे सरकत जातो, त्या दिवशी थांबतो आणि आल्या वाटेने परत फिरतो. त्यामुळे जाताना एकदा व येताना एकदा तो महाद्वाराच्या नेमका समोर येतो. ज्यांनी ते मंदिर बांधले त्यांनी क्षितिजाकडे वर्षानुवर्षे डोळे लावले असतील, यात आम्हांला शंका वाटत नाही.

किरणोत्सव तिथीवर नाही, सूर्यावर चालतो, हेही मुलांच्या ध्यानात आणून द्यावे. २०२३ साली लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होते, म्हणून किरणोत्सव ऐन दिवाळीत आला. २०२५ साली लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरलाच होऊन गेले. दिवाळी पुढेमागे झाली, किरणांची तारीख ढळली नाही. पण ती ढळत नाही याचे श्रेय एकट्या सूर्याला नाही, तारखेलाही आहे. जुनी ज्युलियन कालगणना आजही चालू असती, तर १० नोव्हेंबरच्या या दिवसाला आपण २८ ऑक्टोबर म्हटले असते, आणि दर सव्वाशे-एक वर्षांनी उत्सव आणखी एक तारीख मागे सरकला असता.

हे असे का, याचा इतिहास पास्काच्या सणाशी बांधलेला आहे. इ. स. ३२५ च्या नायसियाच्या धर्मसभेने सर्व ख्रिस्तसभेने पुनरुत्थानाचा सण एकाच रविवारी पाळावा असे ठरविले. त्यातून जो नियम रूढ झाला तो असा : २१ मार्च हा दिवसरात्र समान असण्याचा दिवस धरावा, त्या दिवशी किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा घ्यावी आणि तिच्यानंतरच्या रविवारी ईस्टर साजरा करावा. नियम उत्तम, परंतु ज्युलियन वर्ष खऱ्या सौरवर्षापेक्षा सुमारे ११ मिनिटांनी मोठे होते. अकरा मिनिटे म्हणजे मिस्सेतील एक प्रवचनही नव्हे (आमचे तर नव्हेच). पण १२८ वर्षांत त्यांचा एक दिवस होतो. सोळाव्या शतकापर्यंत दिवसरात्र प्रत्यक्षात ११ मार्चलाच समान होऊ लागली होती. पंचांग २१ मार्च म्हणत होते, आकाश ऐकत नव्हते.

पोप तेरावे ग्रेगरी यांनी हा प्रश्न हाती घेतला. सुधारणेची मूळ योजना कालाब्रिया प्रांतातील वैद्य आलोइसियस लिलियस यांची. ती तपासून जगाला समजावून देण्याचे काम येशूसंघीय गणिती क्रिस्तोफर क्लाव्हियस यांनी केले. व्हॅटिकनमधील वाऱ्याच्या मनोऱ्यात डोमिनिकन संघाचे एग्नात्सिओ दान्ती यांनी जमिनीवर दक्षिणोत्तर रेघ आखली होती. भिंतीच्या छिद्रातून येणारा सूर्याचा ठिपका माध्यान्ही त्या रेघेवर पडे, आणि दहा दिवसांची चूक डोळ्यांना दिसे. १५८२ साली गुरुवार ४ ऑक्टोबरनंतर एकदम शुक्रवार १५ ऑक्टोबर उजाडला. आविलाच्या संत तेरेझा यांनी त्याच रात्री देह ठेवला. म्हणून ४ तारखेच्या रात्री मरण पावलेल्या या संतेचा सण आपण १५ ऑक्टोबरला पाळतो. धर्मशिक्षणाच्या वर्गात हे सांगितले की मुले हटकून हसतात आणि मग ते कधीच विसरत नाहीत.

आपल्या मराठी भूमीशीही याचा एक धागा जुळतो. 'ख्रिस्तपुराण'कार फादर थॉमस स्टीफन्स हे १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यास उतरले आणि १० नोव्हेंबरला त्यांनी वडिलांना प्रवासाचे पत्र लिहिले. होकायंत्राची सुई प्रवासात कशी ढळते, याविषयी त्यांनी त्यात आवडीने लिहिले आहे. ते पत्र सुधारणेच्या तीन वर्षे आधीचे. आजच्या गणनेने तो दिवस २० नोव्हेंबरचा होतो.

रोममधील मनोरा लहान होता. सूर्याचे माप अचूक घ्यायचे तर छिद्र खूप उंच हवे, खालची फरशी लांब व सपाट हवी आणि आत अंधार हवा. अशा इमारती त्या काळी युरोपात कोणत्या होत्या? मोठमोठी ख्रिस्तमंदिरे! बोलोन्या शहरातील सान पेत्रोनिओ मंदिरात दान्ती यांनीच एक रेघ आखली होती. पुढे मंदिर वाढविताना ती निरुपयोगी झाली. १६५५ साली जोव्हान्नी दोमेनिको कासिनी या तरुण ज्योतिर्विदाने तेथे नवी रेघ आखली. छिद्र सुमारे २७ मीटर उंच, रेघ सुमारे ६७ मीटर लांब. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असतो तेव्हा प्रकाशाचा गोल छिद्राजवळ पडे, हिवाळ्यात तो लंबवर्तुळ होऊन रेघेच्या दुसऱ्या टोकाकडे जाई. एका बिंदूवरून निघालेला ठिपका त्याच बिंदूवर परत कधी येतो, हे मोजले की वर्षाची लांबी मिळते. किरणोत्सवाचे तत्त्व याहून निराळे नाही. तेथे मावळता सूर्य, येथे माध्यान्हीचा. ती रेघ आजही बोलोन्यात पाहावयास मिळते.

हा भाग आम्ही मोठ्या अभिमानाने वर्गात सांगितला. तेव्हा मागच्या बाकावरील एका मुलीने विचारले, "मग फादर, गॅलिलिओला शिक्षा का केली?"

प्रश्न योग्य होता, आणि त्याला वळसा घालणे म्हणजे मुलीला विज्ञानाच्या तासाला एक व धर्माच्या तासाला दुसरे बोलावयास शिकविणे. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे मत मांडल्याबद्दल २२ जून १६३३ रोजी रोम येथे गॅलिलिओंना गुडघे टेकून ते मत त्यागावे लागले, आणि १६४२ साली मृत्यू येईपर्यंत ते नजरकैदेत राहिले. कासिनींची रेघ याला अवघी बावीस वर्षे झाल्यावर, आणि तीही पोपच्याच राज्यातील एका शहरात आखली गेली. एका हाताने चर्च सूर्य मोजावयास आपले छत फोडून देत होते. दुसऱ्या हाताने त्या मोजणीचा अर्थ सांगणाऱ्याचे तोंड दाबीत होते. दोन्ही हात एकाच देहाचे, हे आम्हांला झाकता येत नाही. पवित्र शास्त्रातील सूर्यासंबंधीची वाक्ये खगोलशास्त्राचे धडे म्हणून वाचली गेली, ही चूक न्याय करणाऱ्या ईशज्ञान्यांची होती. तशी कबुली पोप दुसरे जॉन पॉल यांनी ३१ ऑक्टोबर १९९२ रोजी दिली. साडेतीनशे वर्षे हा काळ थोडा नव्हे.

त्यातही एक नवल आहे. कासिनींनी त्या रेघेवर सूर्याच्या प्रकाशगोलाची रुंदीही वर्षभर मोजली. सूर्य कधी जलद, कधी मंद चालल्यासारखा दिसतो. तो केवळ अंतर बदलल्यामुळे, असे जुने ज्योतिषी मानीत. तसे असते तर प्रकाशगोलही तितक्याच प्रमाणात लहानमोठा व्हावयास हवा होता. तो निम्म्याच प्रमाणात झाला. हे माप जुन्या मताला सोडून केप्लर यांच्या गणिताशी जुळले. कोण कोणाभोवती फिरते याचा निवाडा एवढ्याने होत नव्हता, हे खरे; पण ज्या मताची पाठराखण चालली होती त्याचा एक खांब ख्रिस्तमंदिराच्या फरशीवरच हलला. मोजपट्टी प्रामाणिक असली की ती मालकाचे ऐकत नाही.

त्या मुलीच्या प्रश्नानंतर आम्ही रविवारच्या वर्गालाही गृहपाठ द्यावयाचे ठरविले. शाळेत विज्ञानाची वही, आमच्याकडे धर्माची. दोन्ही वह्यांत एकच सूर्य यावा, एवढाच हेतू. मुलांनी घरातील 'कालनिर्णय' उघडून तीन वर्षांची ईस्टरची तारीख स्वतः काढावी आणि शेजारी जोतिबाच्या चैत्री यात्रेची तारीख लिहावी. यात्रा चैत्र पौर्णिमेची, ईस्टरही पौर्णिमेनंतरचे. गुलालात न्हालेली माणसे वाडी रत्नागिरीहून परतू लागली की आमचा पवित्र आठवडा जवळपासच असतो, हे कोल्हापूरच्या मुलांनी पाहिलेलेच असते. २०२६ साली पौर्णिमा २ एप्रिलची, ईस्टर ५ एप्रिलचे. २०२५ साली मात्र यात्रा १२ एप्रिलला आणि ईस्टर २० तारखेला. एवढे अंतर का? चर्चच्या कोष्टकात पौर्णिमा १३ एप्रिलला पडते, तो रविवारच होता, आणि नियम 'नंतरचा रविवार' म्हणतो. मुलांनी लगेच वाद घातला : पंचांग १२ म्हणते, चर्च १३, खरे कोणाचे? पाहू गेल्यास पौर्णिमा तिथी १३ च्या पहाटे संपली होती. म्हणजे दोघांनीही एकाच चंद्राकडे दोन बाजूंनी पाहिले होते.

२०२४ चे गणित सर्वांत अवघड निघाले. ईस्टर ३१ मार्चला, होळीच्या पौर्णिमेनंतर. जोतिबाची यात्रा पार २३ एप्रिलला. याचे उत्तर एका मुलाच्या शेजारच्या आजींनी दिले : आदल्या साली अधिक श्रावण होता ना! बारा चांद्रमास मिळून ३५४ दिवस भरतात, सूर्याच्या वर्षाला अकरा कमी पडतात. ते भरून काढण्यासाठी आपल्या पंचांगकर्त्यांनी अधिक महिना घातला, ख्रिस्ती गणित्यांनी एकोणीस वर्षांचे चंद्रकोष्टक केले. आजींचे नाव मुलाने वहीत 'साहाय्य' म्हणून लिहिले होते. आम्ही त्याला दोन गुण अधिक दिले.

तिसरे काम आवारातले. एक मीटरची सरळ काठी उभी रोवावयाची, तिच्याभोवती वर्तुळ काढावयाचे आणि सकाळी व दुपारी सावलीचे टोक वर्तुळाला जेथे शिवते तेथे खूण करावयाची. दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम मिळते. हा आपल्याकडील प्राचीन शंकू. त्याच्यासाठी ना मोठे मंदिर लागते ना खर्च. कोल्हापुरात सूर्याचे माध्यान्ह आपल्या घड्याळात सुमारे सव्वाबारा ते पाऊणच्या दरम्यान होते. देवदूताच्या प्रार्थनेची घंटा आम्ही बारालाच वाजवितो, ही तफावतही मुलांनी पकडली. २१ मार्चला त्या काठीची माध्यान्हीची सावली सुमारे ३० सेंटीमीटर भरते, २१ डिसेंबरला ८४. आणि वर्षातून दोन दिवस, ६ मे व ६ ऑगस्टच्या सुमारास, ती नाहीशीच होते. ६ ऑगस्ट हा प्रभूच्या रूपांतराचा सण. त्याचे मुख सूर्यासारखे तेजस्वी झाले, ते शुभवर्तमान त्या दिवशी वाचतात.

तो नोव्हेंबरातील मुलगा या कामात सर्वांत चिकाटीचा निघाला. किरणोत्सव पाहावयास तो वर्गमित्रांबरोबर गेला. पण क्षितिजावर ढग आल्याने किरणे मध्येच विरली, आणि त्याने वहीत तसेच लिहिले. बाईंनी त्यावर बरोबरची खूण केली. मे महिन्यात इतर मुले गावी गेली असताना तो एकटाच भर उन्हात काठीजवळ येऊन बसला. त्याच्या धर्माच्या वहीत आता दोन नोंदी आहेत. '६ मे : सावली काठीच्या बुडाशी. नाही असे म्हटले तरी चालेल.' आणि तिच्याखाली, '६ ऑगस्ट : मिस्सेनंतर थांबलो. पाऊस. काहीच दिसले नाही. पुढच्या मेमध्ये पुन्हा.'